कोपरा दुमडलेली शाल

मी एक जुनी शाल आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे नुसती वयाने. आयुष्यात मी एकदाच कुणाच्या खांद्यावर पडले, तेही जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात एका भल्या बाईचं वाटोळं झालं.

माझा जन्म लुधियान्यातला. मऊ तांबूस लोकर, बारीक सोनेरी काठ. आम्ही दोनशे बहिणी होतो. सिडनीच्या एका बिल्डरने आम्हाला मागवलं आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यावर पिवळ्या धाग्याने आपल्या कंपनीचं नाव भरून घेतलं. या राज्यात बिल्डरांनी राजकीय पक्षांना देणगी द्यायची नाही, असा कायदा आहे. दिवाळीत मंडळांना शाली वाटू नयेत, असं मात्र कुठेच लिहिलेलं नाही. अशी मी सिडनीच्याच पेंडल हिल या उपनगरात, मराठी मंडळाचे अध्यक्ष विश्रामकाका यांच्या कपाटात येऊन पडले. तीन वर्षं तिथेच होते. फार वाईट वाटायचं.

मंडळाची शनिवारची मराठी शाळा काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, एका जुन्या हॉलमध्ये भरायची. त्याच जागेवर टॉवर बांधायचं त्याच बिल्डरच्या मनात आलं. काउन्सिलने जागा विकायची की नाही, हे नऊ नगरसेवकांच्या मतावर होतं. त्यातली एक चिन्मयी, पुण्याहून आलेली इंजिनिअर. तिने घरोघर फिरून, बैठकांमध्ये भांडून हॉलच्या बाजूने स्वतःचं धरून पाच मतं जमवली. मंडळाने तिचा सत्कार ठरवला.

"अहो, नवी शाल आणू या ना," नीलाकाकू म्हणाल्या.

"कशाला? घरात कोरी करकरीत पडली आहे."

"आणि त्या कोपऱ्यावरचं नाव?"

"कोपरा आत दुमडतो, सेफ्टी पिन लावतो. नो वरीज!"

आपल्यात शाल अशीच फिरते. ह्याच्या सत्कारातली त्याच्या खांद्यावर. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

चिन्मयीने मान वाकवून मला अंगावर घेतलं तेव्हा, खरं सांगते, मला कोण अभिमान वाटला! फोटो निघाले. टाळ्यांच्या गडबडीत पिन सुटलेली कुणाच्या लक्षातही आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने काउन्सिलच्या भेटवस्तूंच्या नोंदीत प्रामाणिकपणे लिहिलं, 'मराठी मंडळाकडून शाल.'

बिल्डरसाठी काउन्सिलमध्ये शब्द टाकणारा एक लॉबिस्ट होता. त्याचं नाव लॉबिस्टांच्या सरकारी यादीत रीतसर नोंदलेलं, महापौरांशी झालेल्या गाठीभेटी चोख लिहिलेल्या. कायदे कडक झाले तसे त्याने ते पाठच करून टाकले होते. मंडळाच्या फेसबुकवरचा फोटो त्याने मोठा करून पाहिला, माझ्या सुटलेल्या कोपऱ्यावरचं नाव वाचलं, आणि तक्रार ठोकून दिली: या बाईंनी बिल्डरची भेटवस्तू घेतली आणि दुसऱ्याच्या नावावर दाखवली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! पण नियम तो नियम. खुलासा होईपर्यंत चिन्मयीला त्या विषयावर मत देता येणार नव्हतं.

ती मला घेऊन विश्रामकाकांकडे आली.

"काका, एवढंच लिहून द्या. शाल तुमच्या घरातली होती, ती बिल्डरची आहे हे मला माहीत नव्हतं. सोमवारी मीटिंग आहे."

"अगं, लिहिलं की विचारतील, त्यांच्याकडून आणखी काय काय घेतलंत? दिवाळीचं जेवणसुद्धा त्यांनीच स्पॉन्सर केलं होतं. मंडळाचं नाव जाईल गं."

"आणि माझं?"

"द्या हो लिहून," काकू कळवळून म्हणाल्या. "बघतो," काका म्हणाले. त्याचा अर्थ तिला बरोबर कळला. मला सोफ्यावर ठेवून ती निघून गेली.

सोमवारी त्या विषयाच्या वेळी चिन्मयीला बाहेर बसावं लागलं. मतं चार-चार पडली, महापौरांनी बरोबरीच्या वेळी मिळणारं आपलं जादा मत विक्रीच्या बाजूने टाकलं, आणि हॉल गेला. चार महिन्यांनी चौकशी संपली. तिचा काही दोष नाही, असं पत्र आलं. तोवर हॉलच्या जागी खड्डा होता. आधी ज्या स्थानिक पेपरने माझ्यासकट तिचा फोटो छापला होता, त्याने ह्या पत्राची दोन ओळींची बातमीही दिली नाही. पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही. "आगीशिवाय धूर निघत नाही," असं मंडळातले लोक या घरात बसून बोलले. काका ऐकत होते. तेव्हाही ते गप्पच बसले. मला त्यांचा राग येतो, आजही येतो.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं सांगायची माझ्यासारख्यांची रीत आहे. माझ्याबद्दल मात्र काळजी नसावी. काका मला वर्षातून दोनदा ऊन दाखवतात, घडीत डांबरगोळ्या ठेवतात, माझ्यावर डाग म्हणून नाही. चिन्मयीला जपायला एक चार ओळींचं पत्र पुरलं असतं.