जास्त भरलेलं वजन

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो, पण मासळीबाजारातला नव्हे. माझ्यावर सुरमई ठेवली तर माझा जीवच जाईल. मी रेणूंची वजनं करतो. डोळ्यांना न दिसणारा कण माझ्यात सोडला की तो विजेच्या जोरावर एका निर्वात नळीतून धावत सुटतो. हलका आधी पोहोचतो, जड मागून येतो. त्या वेळेवरून मी वजन सांगतो. चांगलं-वाईट ठरवणं माझं काम नाही.

माझा जन्म परदेशातला. मुंबईच्या एका औषध कंपनीत मी बारा वर्षं राबलो. तिथे पाहुणे आले की आधी मला दाखवत. मग नवं यंत्र आलं आणि मला मिठबावच्या एका लहानशा सागरी प्रयोगशाळेला देऊन टाकलं. घाट उतरताना माझे दोन स्क्रू ढिले झाले. इथल्या खाऱ्या हवेने मला गंज धरला, पंपाचं तेल वेळेवर कोणी बदलेना. मी अधूनमधून चुकीचे आकडे दिले, हे मी नाकारत नाही.

माझी थोडीफार काळजी घेई ती रश्मी. ही इथलीच, मासळी विकणाऱ्या जानकीची मुलगी. समुद्रात शंकूच्या आकाराची एक विषारी गोगलगाय असते. ती विषाची सुई मारून मासा जागच्या जागी गार करते. त्या विषात पेप्टाइड नावाचे प्रथिनांचे छोटे तुकडे असतात. त्यातल्या एका तुकड्यापासून वेदना शमवणारं औषध होईल, अशी रश्मीला आशा होती. जाळ्यात अशी गोगलगाय आली की जानकी ती चिमट्याने उचलून बादलीत घालून आणून देई.

रश्मीने गोगलगायीच्या जनुकांवरून त्या तुकड्याची घडण शोधून हुबेहूब नक्कल बनवून घेतली. पण उंदरांवरच्या चाचणीत नक्कल काही केल्या उपयोगी पडेना. तीन वर्षं अशीच गेली. शेवटी एका शुक्रवारी तिने अस्सल विषातला तुकडा माझ्यात सोडला. नकलेपेक्षा त्याचं वजन माझ्या डाल्टन या मापाने तीनशे पासष्ट जास्त भरलं. मी तसं सांगितलं.

प्रमुख जितेंद्र सरांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. "रश्मी, हे यंत्र म्हातारं झालंय. नाहीतर नमुन्यात घाण असेल. या विषात काही नाही असा अहवाल लिही आणि प्रकल्प बंद कर. यंत्र सोमवारी भंगारात जाईल."

रश्मीने कागद परत घेतला. मला तिचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर माझंही.

तेवढ्यात जानकी बादली घेऊन दारात आली. "काय झाला गो? तोंड कित्याक पाडलंस?"

"वजन जास्त येता, आये. सर म्हणतत, काटो बिघाडलो."

"गिऱ्हायका तर रोजच असा म्हणतत," जानकी हसली. "आयक. सुरमय दिसता तेच्यापरास जास्त भरली, तर तेच्यात एक तर बर्फ आसा, नायतर प्वाटात अंड्यांची गाबोळी. जरा उन्हात ठेव आणि परत घाल. बर्फ आसलो तर वजन उतारतला. नाय उतारला तर प्वाट फाडून बघ. पण गाबोळी आसता तो मासो टाकूचो नाय!"

सरांनाही हसू आलं. "बरं, सोमवारपर्यंत काय करायचं ते कर," म्हणाले.

रश्मीने नमुना धुतला, त्यातलं मीठ काढलं, सुकवला आणि पुन्हा माझ्यात सोडला. तीनशे पासष्ट जास्त. पुन्हा धुतला, पुन्हा सुकवला. तितकंच. तिसऱ्यांदाही तितकंच. माझा पंप धापा टाकत होता, पण मी आकडा हलू दिला नाही. म्हणजे हा बर्फ नव्हता.

आता पोट फाडायचं राहिलं. एकमेकींना जोडलेल्या दोन साखरांचं वजन तेवढंच भरतं, हे रश्मीच्या ध्यानात आलं. नेमकी तीच जोडी कापणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तिने नमुन्यात घातलं. रविवारी दुपारी मी वजन केलं. ते बरोबर तीनशे पासष्टने उतरलं होतं.

रश्मीने तिथूनच आईला फोन लावला. "आये, गाबोळी गावली! साखरेची!"

गोगलगाय आपलं विष बनवून झाल्यावर त्याला ही साखर जोडते. नकलेत तीच नव्हती. सोमवारी भंगारवाल्याचा टेंपो रिकामा परत गेला. पुढे साखर जोडलेली नक्कल तयार झाली आणि तिच्या अगदी थोड्या मात्रेने उंदरांची वेदना शमली. काटा बरोबर होता, असं सरांनी सगळ्यांसमोर कबूल केलं.

त्या यशामुळेच प्रयोगशाळेला नवं यंत्र मिळालं आणि माझी जागा त्याला गेली. मी आता कोठीत, खोक्यांच्या शेजारी असतो. राग नाही. पण पंपाचं तेल काळं पडलं तरी कोणाला आठवण झाली नाही, रश्मीलासुद्धा.

परवा जानकी आली. नवं यंत्र बघून झाल्यावर तिने मला शोधून काढलं. माझ्या झाकणावरची धूळ पदराने पुसली, आणि रोज सकाळी पहिल्या विक्रीच्या, म्हणजे भवानीच्या, आधी आपल्या काट्याला करते तसं माझ्यावर हात ठेवून तो कपाळाला लावला. मग लेकीकडे वळून म्हणाली, "गाबोळी ह्येणाच दाखवल्यान ना गो? मग ह्येका तेल कोण घालतला?"

रश्मीने मान खाली घातली आणि तेलाचा डबा शोधायला गेली.

मित्रांनो, ज्याने तुम्हाला खरं वजन सांगितलं, त्याला तेल घालायला विसरू नका. माझं मागणं एवढंच आहे.