परकी बोटं

“आधी या बाईच्या बोटांवरच्या रेषा तुम्हीच झिजवल्या आणि आता त्याच रेषा दाखव म्हणता. लाज कशी वाटत नाही?”

मुख्यालयाच्या सुरक्षा विभागाला पाठवायच्या अर्जात, ‘अपवाद कशासाठी हवा’ या रकान्यात, शाखेतले फोन आणि संगणक सांभाळणाऱ्या गजेंद्रनं एवढं टाइप केलं आणि खुर्ची मागं सरकवली.

टेबलापलीकडं पुष्पांजली बसली होती. बियाणं कंपनीची प्लॉट तपासनीस. देऊळगाव राजाहून पहिल्या एसटीनं बुलढाण्याला आलेली. तपासनीस होण्याआधी बारा वर्षं तिनं याच कंपनीच्या प्लॉटवर, संकरित बियाण्यासाठी कपाशीच्या कळ्या नखानं सोलल्या होत्या. आता कंपनीनं दिलेला फोन फक्त बोटाच्या ठशानं उघडायचा. पाच वेळा ठसा चुकला की चोवीस तास बंद. फोन बंद तर हजेरी नाही, आणि सलग चार दिवस हजेरी नाही तर नाव कमी. आज तिसरा दिवस होता. दहाही बोटं लावून झाली होती.

शाखेचे व्यवस्थापक महादेवराव दारातून डोकावले.

“अबे, अजून तेच चालू हाय? दुसऱ्या कोणाचं बोट नोंदव अन् मोकळं कर बाईले.”

“कोणाचं?”

“नवऱ्याचं लाव. बाकीच्यांचं तसंच केलं ना तू?”

गजेंद्रनं कीबोर्डवरची धूळ उगाच अंगठ्यानं पुसली.

“नवऱ्याले काऊन रोज प्लॉटवर घिऊन फिरू?” पुष्पांजली म्हणाली. “तपासणी माह्यी, अन् बोट त्याचं?”

“ताई, नियमानं चाला लागते.”

“मंग नवऱ्याचं बोट लावा, हा नियम हाय काय साहेब?”

महादेवरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

मुख्यालयानं कंपनीभर मंजूर केलेल्या अपवादांची यादी गजेंद्रकडंही असायची. त्यात एकोणतीस नावं होती, सगळी मोठ्या खुर्च्यांवरची. एका संचालकाला पासवर्ड पाठ होत नाही, म्हणून त्याच्या लॅपटॉपला कुलूपच नाही. कारण मंजूर. प्लॉटवर उन्हात फिरणाऱ्या एकाही बाईचं नाव त्यात नव्हतं. पुष्पांजलीचा फोन पिन टाकून उघडू द्या, असा अर्ज त्यानं दोनदा पाठवला होता. दोन्हीदा एकच ओळ परत आली : या पदासाठी अपवादाची तरतूद नाही.

त्यानं रकान्यातली रागाची वाक्यं खोडली. मग सावकाश, एकेक शब्द तोलून लिहिलं :

‘या शाखेतल्या सतरा तपासनीस बायांचे फोन परक्या बोटांनी उघडतात. कुणाचा नवरा, कुणाची नणंद. एकीचा फोन गावातला किराणा दुकानदार उघडून देतो. तो बाजाराला गेला की त्या दिवशी तपासणी नाही. बायांची नावं मागू नका. ही सगळी बोटं मी नोंदवली आहेत. अठरावं नोंदवणार नाही.’

महादेवराव आता त्याच्या खुर्चीमागं उभं राहून वाचत होते.

“येडा झाला का बे? तुह्यी नोकरी जाईन.”

“जाऊ द्या. तुम्हाले माहीत होतं, हे लिहू का नको?”

“मी इकडं आलोच नव्हतो,” महादेवराव म्हणाले आणि खरंच गेले.

गजेंद्रनं अर्ज पाठवला. पुष्पांजली स्क्रीनकडं पाहत होती.

“भाऊ, माह्यासाठी काऊन?”

“तुमच्या एकटीसाठी नाही, ताई. त्या सतरा बायांले दुसऱ्याच्या बोटावर मीच बसवलं.”

दहा मिनिटांत टेबलावरचा फोन वाजला. त्यानं तिलाही ऐकू जाईल असा स्पीकर लावला.

“गजेंद्र, तो अर्ज मागे घ्या.” मुख्यालयातला आवाज मऊ होता. “असं लेखी कशाला? बसून बोलण्याचे विषय आहेत हे. पुढच्या महिन्यात बैठक लावू.”

गजेंद्र बोलायला पुढं झुकला. पुष्पांजलीनं हात आडवा केला आणि फोन आपल्याकडं ओढला.

“साहेब, मी पुष्पांजली. अर्ज माह्या नावाचा हाय. उद्या सकाळी सात वाजता मी प्लॉटवर राहीन.”

“ताई, तुमची अडचण आम्ही समजू शकतो, पण—”

“समजू नका, सांगा. पिन देता का नाही? नाही म्हणत असान तर पह्यले तुमचं नाव सांगा. लिहून घेते.”

तिनं टेबलावरचा पेन उचलला, कोरा कागद पुढं घेतला. पलीकडं कुणीतरी घसा खाकरला.

“बोला साहेब. देता का नाही?”