पाच खांद्यांचा गाडा

मी एक जुना लोखंडी गाडा आहे, मित्रांनो, आणि मला चाकं नाहीत. खाली दोन घसरपट्ट्या, पुढे उभ्या केलेल्या पाच जाड गाद्या आणि मागे एक फळी. पाच धिप्पाड माणसांनी एकदम खांदा लावला तरच मी नीट सरकतो, आणि फळीवर कोच उभा असला की त्यांचा घाम काढतो. ओहायोतल्या एका कारखान्यात माझं जोडकाम झालं. तिथून मी टोलिडोच्या अमेरिकी फुटबॉल संघाच्या सराव-मैदानावर आलो आणि तीस वर्षं तिथंच झिजलो. गोड बोलायची सवय मला नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आमच्या या खेळात चेंडू हातानं फेकतात, आणि तो फेकणाऱ्याचं नाव शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्याच्यापुढे जे पाच जण आडवे उभे राहतात आणि समोरून येणारा मार अंगावर घेतात, त्यांची नावं त्यांच्या बायकांशिवाय कोणाच्या लक्षात राहत नाहीत. हे पाच माझे. कितव्या आकड्यावर उसळायचं ते आधी ठरतं, मग कोच आकडे पुकारतो. पाचही जण त्या आकड्यावर एकाच क्षणी सुटले पाहिजेत. एकाला पापणी लवण्याइतका उशीर झाला तरी मला कळतं.

या पाचांच्या मधोमध उभा राहायचा वेंडेल मार्कोविच. तो संघाचा कप्तान होता. बारा मोसम त्याचा खांदा माझ्या मधल्या गादीवर आदळला. सगळ्यांच्या आधी तासभर यायचा, पुढच्या रविवारी समोर कोण असणार, ते कुठून घुसणार हे पायानं गवतावर रेघा ओढून दाखवायचा. गुरुवारी बाकीच्या चौघांना घरी नेऊन बायकोच्या, नोरीनच्या हातचे पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खाऊ घालायचा. त्याच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. मलाही तो फार आवडायचा, हे आधीच सांगून टाकतो.

त्या जुलैत सराव संपल्यावर पाचही जण मला टेकून पाणी पीत होते.

"ऐका रे," वेंडेल म्हणाला, "परवा डॉक्टरकडे ती कॉम्प्युटरवरची परीक्षा आहे. शब्द दाखवतात आणि मग आठवा म्हणतात. तिथं शहाणपणा पाजळायचा नाही."

"म्हणजे काय?" टायरिस बोमननं विचारलं. हा मिसिसिपीहून आलेला, दुसऱ्याच मोसमातला गडी. वेंडेलच्या डाव्या हाताला उभा राहायचा.

"म्हणजे अर्धे शब्द मुद्दाम विसरायचे. डोक्याला मार बसला की तीच परीक्षा परत घेतात आणि आताच्या मार्कांशी ताडून बघतात. घसरलास की बसवलं घरी. आता भोपळाच आणलास तर घसरणार कुठून?"

"कप्तानाला काय अवघड आहे," मागून एकजण म्हणाला. "ह्याला न ठरवताच भोपळा मिळेल."

सगळे खदखदून हसले. हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं. धाकट्यांना थोरले शिकवायचे आणि त्याला तयारी म्हणायचे. मलाही त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

ऑक्टोबरमध्ये एका सामन्यात वेंडेलच्या डोक्यावर जबर धडक बसली. डॉक्टरांनी परीक्षा घेतली. मार्क जुलैइतकेच आले. बुधवारी तो माझ्यासमोर वाकून उभा होता.

"दुसऱ्यावर," कोच हॅलरन म्हणाला. आकडे झाले. चार धक्के एकदम बसले आणि पाचवा मागाहून आला. मधल्या गादीवरचा. मला असा गचका बसला की कोच फळीवरून पडता पडता वाचला.

"कोणाचा पाय झोपला होता रे?"

"माझा, कोच," टायरिस म्हणाला.

साफ खोटं. मला खांदे ओळखू येतात.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं. मग टायरिसनं युक्ती काढली. आपला आकडा आला की तो वेंडेलच्या कानाशी हळूच "हं" म्हणायचा. उजवीकडचा गडी वेंडेलचाही मार स्वतःच्या अंगावर घ्यायला लागला. चौघांनी मिळून त्याला असं काही झाकलं की दोन आठवड्यांत मी पुन्हा सुतासारखा सरळ जायला लागलो. "एकी म्हणतात ती ही," कोच म्हणाला. मला त्या कौतुकाचा अजून राग येतो.

नोव्हेंबरात एकदा सगळे गेल्यावर टायरिस मागे थांबला.

"काल मला तीनदा माझं नाव विचारलंस, कप्तान. आपण डॉक्टरांना सांगू या."

"सहा आठवडे राहिलेत," वेंडेल म्हणाला. "मोसम संपला की मी स्वतः जातो."

"आणि त्याआधी काही झालं तर?"

"तू शेजारी आहेस ना? मग काय होतंय मला?" मग त्याचा आवाज बदलला. "बोललास तर मी तुला ओळखणार नाही, टायरिस."

टायरिसनं डॉक्टरांना काही सांगितलं नाही. कप्तानावर त्याचा जीव होता. बोलला असता तर बरं झालं असतं.

डिसेंबरातल्या एका सोमवारी चारच जण आले. मधली गादी रिकामी. आदल्या दिवशी वेंडेलला त्याच जागी दुसऱ्यांदा मार बसला होता आणि तो उठलाच नव्हता. जीव वाचला. पुढचं आयुष्य मात्र त्याच्या हातून गेलं. कोचनं त्या दिवशी आकडे पुकारले नाहीत. चौघे नुसते उभे राहिले आणि मग घरी गेले.

मे महिन्यात नोरीन त्याला हात धरून मैदानावर घेऊन आली. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या जागा दाखवा. त्यानं माझ्या गादीवर तळवा ठेवला, थोडा वेळ ठेवूनच उभा राहिला. टायरिस धावत आला.

"नवा आहेस का रे?" वेंडेलनं त्याला विचारलं. अगदी मायेनं विचारलं. "घाबरू नकोस. मी आहे ना शेजारी."

नोरीननं टायरिसकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. ती नवऱ्याला घेऊन गाडीकडे गेली.

आता मी कुंपणाशी पडून आहे. गाद्यांत उंदरांनी घरं केलीत, पट्ट्यांना गंज चढलाय. मला रंग लावा, छपराखाली घ्या, असं मी सांगणार नाही. लोखंडाचं काय, ते गंजणारच. पण मित्रांनो, तुमचा एखादा सोबती अडखळायला लागला आणि कोणाला सांगू नकोस म्हणाला, तर त्याचं ऐकू नका. तो रागावेल, बोलणं टाकेल, तुम्हाला फितूर म्हणेल. म्हणू दे. निदान तो तुम्हाला ओळखत तरी असेल.