डोमाच्या एकेचाळीस बायका

मी एक जुना संगणक आहे. आज अडगळीत पडलो आहे, पण १९८८ साली आरमोरीच्या एका दवाखान्यात माझा केवढा थाट होता! काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, अंगावर झालरीची चादर, आणि माझ्या खोलीत यायचं तर चपला बाहेर. मित्रांनो, एवढा मान मिळाला की यंत्रसुद्धा शेफारतं. मी प्रत्येकाकडे संशयानं पाहू लागलो.

सगळ्यांत जास्त संशय रंभाबाईंवर. गावोगावहून तापाच्या रोग्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या येत, सोबत नावांच्या चिठ्ठ्या. ती नावं माझ्यात भरायचं काम त्यांचं. ज्यांच्या रक्तात हिवताप सापडे, त्यांची यादी मी छापून देई आणि तिच्यावरून गावात गोळ्या वाटल्या जात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या इंग्रजी कळांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवले. ही बाई काहीतरी लपवते आहे, असं माझ्या मनानं घेतलं.

मग मला पुरावाच सापडला. बाईमाणसाची नोंद असली की मी नवऱ्याचं नाव विचारत असे आणि ते मिळाल्याशिवाय पुढे सरकत नसे. रंभाबाई दर वेळी एकच नाव देत: डोमा. महिनाभरात डोमाच्या एकेचाळीस बायका झाल्या. डोमा हा आमचा शिपाई, आणि त्या बिचाऱ्याचं लग्नसुद्धा झालं नव्हतं! नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

एके दिवशी गोळ्या वाटणारे देवाजीभाऊ सायकल टाकून आत धावत आले. चपला काढायचंही भान नव्हतं.

"घात झाला, बाई! यादीत 'गोकुळा, नवरा डोमा' लिहलं होतं. गावात गोकुळा दोन, दोघीलेही ताप. मी एकीले गोळ्या देल्या, अन् दुसरीच बेसुध पडली!"

रंभाबाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं, 'गोकुळा, इस्तारीची माय.' लगेच जीप निघाली. दोन दिवस माझ्यावरची चादर कोणी काढली नाही. तिसऱ्या दिवशी गोकुळानं डोळे उघडल्याचा निरोप आला.

चौकशीला नागपूरहून श्रीहरीसाहेब आले. माझे प्रश्न त्यांनीच लिहिले होते. आता चोर सापडणार म्हणून मी खूश झालो.

"खोटं नाव काऊन टाकलं?" त्यांनी विचारलं.

"इथल्या बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाई, साहेब. लेकराचं सांगतात. या डब्ब्यात लेकराले जागाच नाई. खोटं लिहलं ही चूक माही. पन हा प्रश्न तुमी कोनाले पुसून ठेवला?"

"सगळीकडे एकच नमुना आहे, बाई."

"मानसं एका नमुन्याची आहेत काय?"

साहेबांनी खुर्ची माझ्यापुढे ओढली. मग तीन दिवस बसून त्यांनी मला पार बदललं. आता कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर, कोणता गाळायचा, हे समोर बसणारं माणूस ठरवू लागलं. रंभाबाईंनी नवऱ्याच्या जागी लिहिलं, 'गावात कशानं ओळखतात?' नागभीडच्या दवाखान्यातल्या माझ्या भावाचेही प्रश्न तिथल्या बाईंनी बदलले. तिकडे चिठ्ठ्या गाववार येत, म्हणून त्यांनी गावाचं नाव सगळ्यांत वर घेतलं. मला मात्र धाकधूक लागली. आज रंभाबाईंनी प्रश्न बदलला, उद्या मलाच हाकलतील!

महिन्याभरानं गोकुळा स्वतः आली. अंग वाळलेलं, कडेवर इस्तारी. रंभाबाईंनी तिची नोंद नव्यानं भरली, 'इस्तारीची माय.' मी मुकाट्यानं पुढे सरकलो. गोकुळा पडद्याकडे टक लावून पाहत राहिली.

"यानंच मले हरवलं होतं ना, बाई?" तिनं विचारलं. "आता तरी ओळखते काय?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिची माफी मागितली असती. मी साऱ्या जगावर संशय घेतला, पण माझ्या स्वतःच्या प्रश्नावर कधीच घेतला नाही. मोठेपणी तुम्ही यंत्रं बनवाल, तेव्हा त्यांच्यापुढे कोण बसणार आहे ते आधी जाऊन पाहा, आणि त्या माणसाला सोयीचं वाटेल तसं यंत्र बदलू द्या. इस्तारीची माय परत आली. दर वेळी कोणाची माय परत येईलच, असं नाही.