अंधेरीचे ग्रीक खांब

अंधेरी गावठाणातला आपला बंगला अनंत वेलणकरांना मुळीच आवडत नसे. एकोणिसाव्या शतकात कुणा पारशी शेठने हवापालटासाठी तो ग्रीक देवळाच्या धर्तीवर बांधला होता. पुढे चार गलेलठ्ठ पांढरे खांब, त्यांवर त्रिकोणी कपाळ, आणि आत कौलं गळायची ती थेट अनंतरावांच्या उशीवर. म्हणून शहाऐंशी साली एका बिल्डरने बंगल्याच्या जागी इमारत उठवून त्यात ब्लॉक द्यायचं कबूल केलं, तेव्हा ते हरखले. कुंदाताईंनी मात्र नवऱ्याला साफ सांगितलं, की अंगण सोडून मी तिसऱ्या मजल्यावर टांगून घेणार नाही.

त्याच सुमारास जुन्या वास्तू जपणाऱ्या एका समितीच्या नीला कोठारे बंगला बघायला आल्या.

"जपायचं म्हणजे मग पाडता येणार नाही ना?" कुंदाताईंनी विचारलं.

"खिडकीसुद्धा विचारल्याशिवाय बदलता येणार नाही."

कुंदाताईंनी लगेच शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

अनंतरावांचं धाबं दणाणलं. बाईंना कटवायचं तर बंगल्याची अब्रूच काढायला हवी, म्हणून त्यांनी खरं ते सांगून टाकलं. मूळच्या खांबांना वाळवी लागली होती. अनंतरावांचे वडील, त्यांना सगळे भाऊ म्हणत, सिनेमाच्या स्टुडिओत सेट उभारायचे. एका राजवाड्याचा सेट मोडला, तेव्हा त्यातले चार खांब त्यांनी बैलगाडीत घालून घरी आणले आणि इथे उभे केले. आत लाकडी सांगाडा, वर गोणपाट आणि प्लास्टर. पुरावा म्हणून अनंतरावांनी एका खांबावर थाप मारली. डग्ग्यासारखा आवाज आला.

नीलाबाईंनी खांबाला कान लावला. आणखी एक थाप मारायला सांगितली. मग त्या ओट्यावर टेकल्या.

"अनंतराव, खरं सांगू? मी नकारच देणार होते. दगडी खांबांचे बंगले पुष्कळ पाहिलेत. असा मात्र दुसरा नाही."

बंगला संरक्षित झाला. बिल्डर पलीकडच्या गल्लीत गेला. सरकारमान्य कारागिरांनी कौलं बदलली, तरी अनंतरावांचा रुसवा जाईना. रविवारी कॉलेजची मुलं बंगला बघायला यायची, तेव्हा ते दार लावून आत बसत. एकदा बाहेरून कुणीतरी खांब संगमरवरी असल्याचं सांगताना ऐकू आलं. अनंतराव बनियनवरच बाहेर धावले आणि त्यांनी त्या मुलांना तासभर सोडलं नाही.

पुढच्या रविवारपासून ते इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसू लागले. त्यांच्या सांगण्यातून हळूहळू बैलगाडी गेली आणि भाऊंनी खांब एकट्याने खांद्यावरून आणले. दिवाळीपर्यंत दुसऱ्या खांबाला टेकून एक नटीही रडून गेली.

"कोण हो नटी?" मुलं गेल्यावर कुंदाताईंनी विचारलं.

"ते अजून ठरायचंय," अनंतराव म्हणाले.