इस्त्रीच्या दुकानातले इंग्रजी

मित्रांनो, हल्ली मला पाहिले की मुले आधी विचारतात, हे काय आहे? तेव्हा ओळख सांगून टाकतो. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. अंगाने चपटा, रंगाने काळा, वर बटणांची रांग आणि पोटात कॅसेट ठेवायची जागा. कारखान्यात एका कामगार बाईने माझा शेवटचा स्क्रू पिळला, मला कानाशी धरून माझी मोटर ऐकली आणि समाधानाने मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी इंग्रजी शिकवणाऱ्या एका क्लासमध्ये गेलो. दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. माझ्यातल्या कॅसेटमध्ये एक गृहस्थ आणि एक बाई राहत. ते कधी दुकानात जात, कधी डॉक्टरकडे, कधी पत्ता विचारत फिरत. काही झाले तरी त्यांना राग म्हणून येत नसे. ते एक वाक्य बोलत आणि वर्गातली माणसे ते एका सुरात म्हणत. गाड्या दुरुस्त करणारे, नर्सची नोकरी शोधणाऱ्या, नुकतेच निवृत्त झालेले, सगळे तिथे मुलांसारखे बाकावर बसत. शिकवणाऱ्या बाई मला 'माझा उजवा हात' म्हणत. मला फार बरे वाटे.

पुढे क्लासमध्ये नवी, चकचकीत यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. अंगावर धूळ साचली. आत मी गप्प आणि बाहेर वर्ग बोलतोय, असे किती दिवस गेले कोण जाणे.

मला कपाटाबाहेर काढले ते इस्त्रीवाल्या काकूंनी. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचे इस्त्रीचे दुकान आणि मागे दोन खोल्यांचे घर. काकू इस्त्री करत, काका घरोघरी कपडे पोचवत. त्यांची एकुलती एक लेक परदेशी नोकरीला होती. तिथेच तिने तिकडच्या एका मुलाशी लग्न ठरवले आणि त्याला आणि त्याच्या आईला घेऊन ती घरी यायची होती. फोनवर ती आईला म्हणाली, "आई, त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागेल. तू काळजी करू नकोस. तू नुसती हसत बस, बाकी मी सांभाळते."

लेकीने ते मायेनेच म्हटले होते, पण काकूंच्या मनाला लागले. दुसऱ्या दिवशी क्लासच्या बाई कपडे न्यायला आल्या, तेव्हा काकू त्यांना म्हणाल्या, "माझी विहीण माझ्या घरी येणार, आणि मी काय शोकेसमधल्या बाहुलीसारखी हसत बसू? मला बोलायला शिकवा."

दुकान सोडून वर्गाला येणे काकूंना शक्य नव्हते. मग बाईंनी मला झाडूनपुसून कॅसेटींसकट खाली आणून दिले. माझी जागा ठरली, शर्टांच्या गठ्ठ्यांशेजारच्या फळीवर.

मित्रांनो, तिथे माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. म्हातारपणी माझा आतला पट्टा सैल पडला होता. इस्त्रीच्या उष्णतेने तो आणखी ढिला होई आणि कॅसेटमधले गृहस्थ नुकतेच झोपेतून उठल्यासारखे बोलत. "गुऽऽड मॉऽऽर्निंग." काकूही तस्सेच म्हणत. मी शरमेने अर्धा झालो. पण बाईंनी ते ऐकले आणि म्हणाल्या, असू दे, शिकणाऱ्याशी इतक्या सावकाश कोण बोलतं?

काकू कॉलरवर इस्त्री फिरवताना 'कॉलर' म्हणत, बाहीवर फिरवताना 'स्लीव्ह'. बटणांच्या मधून इस्त्रीचे टोक नेताना एक अख्खे वाक्य होई. गिऱ्हाईक आले की त्या विचारत, "हाऊ मे आय हेल्प यू?" रोजचे गिऱ्हाईक मागे वळून बघे, आपल्या पाठीमागे कोण उभे आहे ते. काकांनी शिकायचे नाही असे ठरवले होते. तरी ऐकून ऐकून एक वाक्य त्यांच्या तोंडी बसलेच. कुणी आभार मानो न मानो, कपडे देताना ते 'यू आर वेल्कम' म्हणून मोकळे होत.

अखेर पाहुणे आले. पाहतात तो एक बॅग स्टेशनवरच राहिली. लेक आणि होणारे जावई ती आणायला परत गेले आणि दुकानातच दोघी विहिणी समोरासमोर राहिल्या. विहीणबाई खुर्चीच्या कडेवर, मांडीवर पर्स घट्ट धरून. काकूंनी पाणी दिले. विहीणबाईंनी ते एका दमात संपवले. मी फळीवरून पाहत होतो. काकूंचे ओठ हलत होते, पण शिकलेले सगळे ऐन वेळी पळून गेले होते. शेवटी जे एकच वाक्य तोंडात घट्ट होते ते बाहेर पडले.

"हाऊ मे आय हेल्प यू?"

विहीणबाई दचकल्या. त्यांनी डोळे मिटले, आठवले, आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तसे म्हणाल्या, "आय अॅम, जस्ट, लुकिंग. थँक यू."

मित्रांनो, हे तर माझ्याच धड्यातले गिऱ्हाईक बोलत होते. काकू थबकल्या आणि मग त्यांना असे हसू फुटले की त्या खालीच बसल्या. विहीणबाई आधी लालबुंद झाल्या, मग त्याही हसू लागल्या. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "माय इंग्लिश, स्मॉल."

"माइन आल्सो स्मॉल," काकू म्हणाल्या.

इंग्रजी विहीणबाईंचीही भाषा नव्हती. त्याही आपल्या घरी बसून, याच भेटीसाठी, घाबरत घाबरत ती शिकल्या होत्या. दारातून काका म्हणाले, "यू आर वेल्कम," आणि त्या दिवशी ते वाक्य प्रथमच योग्य जागी पडले.

मग विहीणबाई उठल्या. टेबलावरचा एक शर्ट त्यांनी सराईतपणे खांद्यांत धरून झटकला. दोघी मिळून गठ्ठा संपवू लागल्या. एकेका वस्तूला आपापल्या भाषेत काय म्हणतात ते सांगू लागल्या. काकूंना त्यांचे आपसातले नाते सांगायचे होते. "यू, माय डॉटर, हर हजबंड, हिज मदर," असे बोटांवर मोजून त्या दमल्या. शेवटी त्यांनी सरळ सांगितले, "विहीण." विहीणबाईंचा चेहरा उजळला. त्यांच्याही भाषेत या नात्याला एकच शब्द होता. माझ्या सगळ्या कॅसेटींत मात्र तो कुठेच नव्हता.

लेक धापा टाकत परतली, तर आतून हसण्याचा आवाज येत होता. दुभाष्याचे काम करायची तिने तयारी केली होती, पण तिला कुणी विचारलेच नाही. ती दारातच बॅगेवर बसली आणि आईकडे नुसती पाहत राहिली.

परत जाण्यापूर्वी विहीणबाईंनी एक मागणी केली. त्यांना आता काकूंची भाषा शिकायची होती. क्लासच्या बाईंनी वरून एक कोरी कॅसेट आणली. मित्रांनो, माझ्या अंगावर एक लाल बटण आहे. ते दाबले की मी बोलत नाही, ऐकून ठेवतो. जन्मापासून ते कुणी दाबले नव्हते. काकूंनी ते दाबले, घसा साफ केला आणि मुद्दाम सावकाश म्हणाल्या, "पाठ पहिला. या. बसा. दमलात का?"

तो आवाज आता दूर देशी विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात वाजतो. मी अजून फळीवरच आहे. काकू अधूनमधून कापसाच्या बोळ्याने माझे आतले डोके, म्हणजे फीत वाचणारे हेड, पुसतात, तेवढ्यावर मी ठणठणीत आहे. तुमच्याही घरी माझा कुणी भाऊबंद पडला असेल, तर त्याला एकदा पुसून पाहा. आणि कुणी नवी भाषा बोलताना मधेच अडला, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. हसूही नका. जरा थांबा. त्याच्या तोंडात शब्द येतोच आहे.