दिवसाला दोन कोस

धुळ्याला चंपालालच्या लाकडाच्या वखारीवर एक खोली होती. तिथे आम्ही तिघे दर शनिवारी जगाचा अभ्यास करायला जमत असू: शालिग्राम वकील, चंपालाल आणि मी, निवृत्त मास्तर. ‘जागतिक घडामोडी अभ्यास मंडळ’ हे नाव मोठे होते. सामान म्हणजे मुंबईची तीन वर्तमानपत्रे आणि शाळेने टाकून दिलेला नकाशा. महिन्याला आम्ही एक पत्रक काढायचो. लढाई पुढे कुठे सरकेल याचा अंदाज त्यात असे. नकला हातानेच करून गावोगावच्या शाळांना पाठवायचो.

नियम मी घातला होता. पत्रकाच्या माथ्यावर मागचा अंदाज लिहायचा, आणि चुकला असेल तर शेजारी लाल शाईने बरोबर काय ते लिहायचे. चाळीस वर्षे पोरांना मी हेच शिकवत आलो होतो.

बेचाळीसच्या फेब्रुवारीत ही लाल शाई मला नकोशी झाली. मार्गशीर्षात आम्ही लिहिले होते, ‘सिंगापूर वैशाखापर्यंत पडत नाही.’ ते माघातच पडले.

“लाकडं मोजणाऱ्याला लढाई मोजायला लावली की असंच होतं,” शालिग्राम म्हणाले.

“वकीलसाहेब, फौजेचे दिवसाला दोन कोस तुम्हीही मान्य केले होते,” चंपालाल म्हणाला.

“ही ओळ गाळा, नाना. लोक हसतात.”

मी थकलो होतो. गाळायला तयारही झालो होतो. तेवढ्यात जिना चढून एक बाई आली. शिंदखेड्याहून सर्व्हिस मोटारीने आली होती. नाव धुरपदाबाई. तिने कमरेच्या पिशवीतून आमचे पत्रक आणि एक पत्र काढले.

“नाना, तुम्हीच का लिखनारा?”

“हो, अक्का. बसा.”

“मना आंडोर, मना पोऱ्या पितांबर, पलटनमा तठे शे, सिंगापूरले. दिवाळीना येळे त्यानं लिखं व्हतं, माय आजारी शे अशी तार कर, रजा भेटी. मी तार करी नही. गुरुजींनी तुमना कागद वाची दाखाडा. वैशाखलोंग येळ शे म्हने. मी म्हनं, कापूस येची लेऊ, मंग तार करू.”

चंपालाल खाली वखारीकडे पाहत राहिला.

“गाव पडनं का?” तिने विचारले.

“पडलं, अक्का.”

“वैशाख कसा काढा तुम्ही?”

वर्गात समजावतो तसे मी तिला नकाशापाशी नेऊन समजावले. जपानी फौज उतरली ती इथे. खाली सिंगापूर. मध्ये तीनशे कोस जंगल. यावलच्या वर सातपुड्यात चंपालालच्या लाकडाच्या गाड्या दिवसाला दोन कोस जातात. तोच हिशेब फौजेला लावला. दीडशे दिवस झाले.

तिने नकाशावरच्या त्या जंगलावर बोट ठेवले. “पन तठे सडका शेतस ना. डांबरन्या. रबरना झाडेसना मळा आनि मजारमा सडक. पितांबरनी लिखेल शे.”

मी पत्र वाचले. तसेच होते. ‘माय, आपल्याकडे धुळ्यालाही नाही अशी सडक आहे, सायकल पाण्यासारखी पळते.’ जपानी सायकलींवरूनच आले होते, हे आम्ही आता कुठे वाचले होते. शिंदखेड्यात एका बाईच्या पिशवीत ती सडक दिवाळीपासून होती.

“हे आधी का नाही सांगितलं?” शालिग्राम म्हणाले.

“माले कोनी इचारं?”

शालिग्रामांनी पत्रक माझ्यापुढे सरकवले. मी लाल शाईची दौत उघडली आणि लिहिले: ‘चूक. सातपुड्याची वाट धरली. तिथे सडक होती. ज्यांची माणसे तिथे आहेत त्यांना आम्ही विचारले नाही.’ तिला वाचून दाखवले.

“आते पितांबरनं सांगा. जित्ता शे का?”

धीर देणारे एखादे वाक्य मला सहज सुचले असते. शिक्षकाला अशी वाक्ये येतात.

“माहीत नाही, अक्का.”

“मंग तसंच लिखा.”

“पत्रकात?”

“दुसरा काय काय लिखतस तुम्ही. हाई बी लिखा.”

अंदाजाच्या जागी मी लिहिले, ‘पितांबर, शिंदखेडा: माहीत नाही.’ ती नक्कल घडी करून तिने पिशवीत ठेवली आणि मोटार चुकू नये म्हणून लगेच जिना उतरली.

मंडळ मोडायचे आम्ही त्या दिवशी तिघांनीही मनात ठरवले होते. पण पुढच्या महिन्यात मागचा अंदाज लिहायला बसलो तर माथ्यावर ती ओळ आली, आणि तिच्याशेजारी लाल शाईने लिहिण्याजोगे काही नव्हते. ती तशीच उतरवली. आता आश्विन लागला. पत्रक वाचून गावोगावचे लोक आपल्या माणसांची नावे पाठवू लागले; अशा अकरा ओळी झाल्या आहेत. दर शनिवारी त्या उतरवायला आम्हाला जमावे लागते.